तिघे, तिघी, तीन

ही वही जिथे तयार झाली ती खोली दहा बाय बाराची. चाकणहून तळेगावकडे जाताना खराबवाडी मागे पडली की भाड्याच्या खोल्यांच्या चाळी लागतात, त्यातली एक. कॉट बेसिसवर सहा जण, कॉट तीन. फर्स्ट शिफ्टवाला उठून गेला की त्याच गादीवर नाइटवाला येऊन पडतो. हे गणित चाकणमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं एक लाँगबुक तिथे लटकत असे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, किराण्याचा हिशोब असेल. होताही. पहिली अकरा पानं तेल, तांदूळ आणि गॅस यांचीच आहेत. बाराव्या पानापासून मात्र डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ आणि खाली बारीक अक्षरात तो शब्द सांगणाऱ्याच्या गावाचं नाव, अशी मांडणी सुरू होते. भाषा कोलामी.

छापताना किराण्याची पानं काढून टाकावीत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी विरोध केला, पण एकटा पडलो.

प्रस्तावना लिहायला या मुलांनी मला सांगितलं, ते मी भाषेचा अभ्यासक आहे म्हणून नाही. मी तो नाहीच. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. हजेरी, गेटपास, ओव्हरटाइमचे तास आणि ट्रेनी मुलांचे अर्ज हेच माझं वाचन. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिली असताना ठेकेदारामार्फत आलेल्या एका मुलाच्या अर्जात जमातीच्या रकान्यात ‘कोलाम’ लिहिलेलं होतं. मी लाल पेन उचललं आणि ते ‘कोळी’ केलं. पुणे जिल्ह्यात आदिवासी म्हटलं की आपल्यासमोर खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिमेकडचे महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी येतात. ‘कोलाम’ हा शब्द मला हात घसरून झालेली चूक वाटला. मुलगा काही बोलला नाही. चार महिन्यांनी त्याचा जातीचा दाखला आणि आमची कागदपत्रं जुळेनात, तेव्हा तो टेबलासमोर येऊन उभा राहिला. ‘काका, आम्ही कोळी नाही. कोलाम आहो.’ मग घरी बोलता काय, असं मी विचारलं. म्हणाला, कोलामी. मी म्हटलं, ‘म्हणजे वऱ्हाडीच ना?’ तो हसला आणि टेबलावरच्या माझ्या तीन पेनांकडे बोट करून म्हणाला, ‘मूंदिंग.’

दुरुस्तीचा अर्ज मीच लिहून दिला. पण तो शब्द डोक्यातून गेला नाही. या प्रस्तावनेत मला जे सांगायचं आहे ते त्या तीन पेनांपासूनच सुरू होतं. तिथे पोहोचायला थोडा वेळ लागेल.

कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. बाकीचे दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. यवतमाळ जिल्ह्यातले केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, वणी, घाटंजी, राळेगाव हे तालुके. वर्धा जिल्ह्याचा काही भाग. नांदेडचे किनवट आणि माहूर. चंद्रपुरातल्या राजुरा आणि जिवतीकडच्या माणिकगडच्या डोंगररांगा. आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणातलं आदिलाबाद. हा त्यांचा मुलूख. वस्तीला पोड म्हणतात. पोड म्हणजे गाव नव्हे. गावापासून जरा अंतर राखून, डोंगराच्या उतारावर किंवा माथ्याच्या सपाटीवर, मोजक्या घरांची, आपल्या माणसांची वस्ती. यवतमाळकडच्या नकाशात ‘कोलाम पोड’ असं जोडून लिहिलेली नावं आढळतात ती हीच. बांबूच्या विणकामाचा हात आणि डोंगरावरच्या देवांची पूजा या दोन गोष्टी त्यांच्याकडे परंपरेने चालत आल्या. आदिलाबादकडे गोंडांसारखा संख्येने मोठा आणि एके काळी राज्य केलेला समाजही स्थानिक देवतांच्या पूजेसाठी कोलाम पुजाऱ्याला बोलवत आला आहे. जमिनीचा देव तिथे आधीपासून राहणाऱ्याचंच ऐकतो, असा त्यामागचा हिशोब असावा.

ते स्वतःला कोलवर म्हणवतात. कोलाम हे नाव आपण, म्हणजे बाहेरच्यांनी, रूढ केलं. वहीच्या मुखपृष्ठावर कोणतं नाव घालायचं यावरून खोलीत दोन रात्री वाद झाला. सरकारी कागदावर जे आहे तेच ठेवा, नाहीतर पुन्हा कुणीतरी लाल पेन काढेल, असं एक जण माझ्याकडे बघत म्हणाला. कोलामीच राहिलं.

आता भाषेच्या नात्यागोत्याबद्दल. कोलामी द्राविडी कुळातली. त्यातही तमिळ-कन्नडच्या घरातली नव्हे, तेलुगू-गोंडीच्याही नव्हे, तर मध्य द्राविडी म्हणून वेगळ्या काढलेल्या छोट्या घरातली. या घरात तिची सख्खी बहीण म्हणजे चंद्रपूरकडची नायकी, आणि चुलत बहिणी म्हणजे बस्तरची परजी आणि ओडिशा-आंध्रच्या सीमेवरची गदबा. म्हणजे गोंडी शेजारी राहते, पण जवळची नातलग दूर बस्तरात. आपल्याकडेही असं होतंच.

शब्द पाहिले की नातं लगेच दिसतं. पाण्याला कोलामीत ईर म्हणतात. तमिळमध्ये नीर. आपल्या कवितांमधलं, आरत्यांमधलं नीर संस्कृतातून आलं, आणि संस्कृतातच ते द्राविडीतून आलं असावं असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. डोळा म्हणजे कन, दात म्हणजे पल, झाड म्हणजे माक, विस्तव म्हणजे किस. घर म्हणजे एल्ला. लाइनवर या मुलांच्या शेजारी विजापूरचा एक कन्नड ऑपरेटर आहे. ‘आमचा एल्ला डोंगरावर आहे’ हे ऐकून त्याला काही कळेना, कारण कन्नडमध्ये एल्ला म्हणजे सगळं. चंद्र म्हणजे नेला. त्यावरून खोलीत रोज काहीतरी टुकार विनोद होतो, तो इथे देत नाही. आणि वाघ म्हणजे पुल. घरून फोन आला की पोडाजवळ पुल आला, तर पलीकडच्या कॉटवरच्या लातूरच्या मुलाला वाटायचं, यांच्याकडे सरकारने पूल बांधायला घेतला. टिपेश्वरच्या अभयारण्याला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांच्यासाठी हा विनोद फार काळ विनोद राहत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात राळेगाव भागात अवनी वाघिणीला गोळी घातली, त्यावर मुंबई-दिल्लीत महिनाभर वाद चालला. त्याआधीची दोन वर्षं त्या भागातल्या पोडांवर संध्याकाळ झाली की दारं लागत. त्या वेळी तिथे जे बोललं गेलं त्यातलं बरंचसं कोलामीत असणार, आणि त्यातली एक ओळही बातमीत आली नाही.

या भाषेवर कुणी काही लिहिलंच नाही असं मात्र समजू नका. अशा छोट्या भाषेच्या मानाने लिखाण बरंच झालं आहे. फक्त ते तिच्या बोलणाऱ्यांपर्यंत आलेलं नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून वारले. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली, त्यात कोलामीचे शब्द आहेत. १८९७ मध्ये वूल्झ्ली हेग या लष्करी अधिकाऱ्याने गोंडी आणि कोलामी शब्दांची तुलना बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिली. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ चा, त्यातही ती आहे. पण मला सर्वांत जवळचं वाटणारं नाव सेतुमाधवराव पगडींचं. आपण त्यांना ओळखतो ते शिवकालाचे इतिहासकार म्हणून, फारसी-उर्दूचे जाणकार म्हणून, गॅझेटियरचे संपादक म्हणून. निलंग्यात १९१० साली जन्मलेले पगडी निजामाच्या राज्यात अधिकारी होते, आदिलाबादच्या आदिवासी भागात त्यांनी काम केलं आणि तिथे गोंडी व कोलामी शिकले. कोलामीचं त्यांचं व्याकरण हैदराबादला १९५० मध्ये प्रसिद्ध झालं. ते इंग्रजीत. एका मराठी माणसाने लिहिलेलं कोलामीचं व्याकरण मराठीत वाचायला मिळू नये, ही गोष्ट मला पुनःपुन्हा खटकते.

पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, मरे एमेनो यांचा मोठा ग्रंथ कॅलिफोर्नियातून निघाला. एमेनो मूळचे कॅनडाचे. १९३५ ते १९३८ या काळात ते भारतात होते. निलगिरीत तोडा आणि कोता, कुर्गात कोडगू, आणि आपल्याकडे वर्धा जिल्ह्यातली कोलामी त्यांनी बोलणाऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतली. पुढे टॉमस बरो यांच्याबरोबर त्यांनी द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश केला, पहिली आवृत्ती १९६१, सुधारित १९८४. या कोशात कोलामी शब्दांपुढे कंसात बारीक खुणा असतात. एक खूण सेतुमाधवरावांच्या आद्याक्षरांची. दुसरी ‘किन.’ अशी, म्हणजे किनवट. या वहीतला एक मुलगा किनवटचा आहे. मी त्याला ते पान फोनवर दाखवलं. कितीतरी वेळ तो अंगठ्याने मोठं करून बघत होता. मग म्हणाला, ‘हा शब्द आमच्याकडे असा नाही म्हणत.’ दुरुस्ती त्याने वहीत केली आहे. कोणत्या पानावर ते वाचकाने शोधावं.

आपल्या भाषेत म्हणाल तर गणेश देवींच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली मराठीत निघाला. भाषा शिकून घेणारा परका आणि भाषा सांगणारा घरचा, यांच्यातलं अंतर त्या प्रकल्पाने थोडं कमी केलं. ही वही त्याहूनही लहान गोष्ट आहे. इथे घरचेच विचारतात आणि घरचेच सांगतात. चुका झाल्या तर त्याही घरच्याच.

आता ती तीन पेनं.

कोलामीत तीन वस्तूंना मूंदिंग म्हणतात. पण तीन पुरुष असतील तर मूंदिंग चालत नाही. मुग्गुर म्हणावं लागतं. तीन बाया असतील तर मुयल. दोन पुरुष इद्दर, चार पुरुष नल्गुर, चार वस्तू नालिंग. एमेनोंनी हे सगळं नोंदवलं आहे, आणि या मुलांनी ते न वाचता तसंच सांगितलं. पाचच्या पुढचे आकडे तेलुगूतून आलेले मानतात. मुग्गुर तर तेलुगूत जवळपास जसाच्या तसा आहे.

मी हे ऐकून मान डोलावली आणि बसमध्ये बसल्यावर, नाशिक फाट्याच्या आसपास, माझ्या लक्षात आलं की आपणही हेच करतो. तिघे, तिघी, तीन. दोघे, दोघी, दोन. चौघे, चौघी, चार. ‘तीन आले’ असं आपण माणसांबद्दल सहसा म्हणत नाही. ‘तिघे आले’ म्हणतो. आणि पाचला आलो की थकतो. पाचजण म्हणून वेळ मारून नेतो. हिंदीत हे नाही. तिथे तीन आदमी, तीन औरतें, तीन पेन, सगळं एकाच मापाने.

इथे सावध राहायला हवं, कारण अशा साम्यांवरून उड्या मारणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. मराठीचे तिघे-चौघे प्राकृतातून आलेले असू शकतात, आणि कोलामीचे मुग्गुर द्राविडी वारशातून. दोघांनी स्वतंत्रपणे तीच सोय केली असेल. मराठीच्या खाली द्राविडी थर आहे का, यावर मतं मात्र जुनी आहेत. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ लिहून तमिळकडे बोट दाखवलं. त्यांच्या कितीतरी व्युत्पत्त्या मला पटत नाहीत, पण त्यांनी विचारलेला प्रश्न पटतो. अमेरिकेतले फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या घडणीत द्राविडी भाषकांचा वाटा मोठा असावा असं शास्त्रीय पद्धतीने मांडलं. एमेनोंनी तर १९५६ मध्ये भारत हाच एक भाषिक प्रदेश आहे, कुळं वेगळी असली तरी सवयी एकमेकींच्या लागलेल्या आहेत, असं म्हणून नंतरच्या सगळ्या चर्चेचा पाया घातला. मला वाटतं, त्यांना ते सुचायला कोलामीसारखी भाषा मदतीला आली असेल, कारण ती शतकानुशतकं मराठी, तेलुगू आणि गोंडीच्या मध्ये बसलेली आहे.

माझ्या टाइम ऑफिसच्या आयुष्यात माणसं मोजायचा एकच शब्द होता: मॅनपावर. ‘आज लाइन दोनवर तीन मॅनपावर कमी.’ त्याच रजिस्टरच्या पुढच्या पानावर ‘तीन पीस रिजेक्ट.’ कोलामीत या दोन वाक्यांना एकच तीन चालला नसता. मराठीतही चालायला नको होता, पण आम्ही चालवला.

दुसरी गोष्ट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. कोलामीत ‘आम’ म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला सोडून. ‘नेंद’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून. मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही, तो आपल्या रक्तात आहे. ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवू’ यांतलं अंतर तीन वर्षांच्या पोराला कळतं. हिंदीभाषकाला ते समजावताना मात्र नाकी नऊ येतात. गुजरातीत हा फरक आहे. तेलुगूत आणि तमिळमध्ये आहे. गंमत म्हणजे आजच्या कन्नडने तो टाकून दिला आहे, आणि त्यामुळे या एका बाबतीत द्राविडी कोलामीला कन्नडपेक्षा मराठी जवळची वाटावी.

खोलीत एक रात्र मी हे मुद्दाम ऐकत बसलो. घरी फोन लागला होता. आईशी बोलताना मुलगा पगाराबद्दल बोलला तेव्हा ‘आम’, म्हणजे आम्ही इथली पोरं. पऱ्हाटीबद्दल बोलला तेव्हा ‘नेंद’, म्हणजे आपण, तू आणि मी आणि घर. शेत अजून ‘आपलं’ होतं आणि कंपनी ‘आमची’ सुद्धा नव्हती, ती नुसतीच कंपनी होती. मला कोलामी येत नाही, पण एवढं कळलं.

चाकणच्या पट्ट्यात ही भाषा ऐकू येते ती अशीच, फोनवर आणि रात्री. लाइनवर येत नाही. कॅन्टीनमध्ये दोघेच असले तर हळू आवाजात, तिसरा आला की मराठी किंवा हिंदी. लाज वाटते म्हणून, असं मला वाटलं होतं. मी विचारलं तर तसं नाही म्हणाले. ‘तिसऱ्याला वाटतं आपल्याबद्दल बोलताय. सुपरवायझरला तर वाटतंच.’ त्यांच्या खोलीतून दोन गल्ल्या सोडून एक कुटुंब आलं आहे, नवरा-बायको आणि एक मुलगी. ती मुलगी अंगणवाडीत मराठी बोलते, शेजारच्या बिहारी बाईंशी हिंदी, आणि कोलामी समजते पण उत्तर मराठीत देते. चिंचवडला आमच्या इमारतीत कोकणी बोलणाऱ्या घरातली नातवंडं नेमकं हेच करतात. भाषा घराबाहेर पडते ती बहुतेक वेळा अशीच, उत्तर देताना.

वहीत काय आहे आणि काय नाही हेही सांगायला हवं. झाडं, पाखरं, शेताची कामं, नाती, शरीराचे भाग, सणाच्या वेळचे शब्द, हे भरपूर. कारखान्याचे शब्द एकही नाहीत. शॉपफ्लोअर, टॉर्क, रिवर्क, हे कोलामीतही तेच आहेत जे मराठीत आहेत. मी म्हटलं, एखादं पान तरी करा. ते म्हणाले, त्याला कोलामी शब्द नाही, मग कशाला? बरोबर होतं ते. नवे शब्द घडवण्याचा उत्साह मराठीत आपण पुरेसा पाहिला आहे.

लिपी देवनागरी ठेवली आहे. अडचण एका जागी आली. कोलामीत ए आणि ओ यांचेही ऱ्हस्व-दीर्घ वेगळे होतात. एल्ला मधला ए आखूड आहे, नेंद मधला लांब. आपल्या लिपीत हे दाखवायची सोय नाही. मुलांनी लांब असेल तिथे अक्षरावर एक लहान आडवी रेघ मारली. छापखान्यात तो फॉन्ट मिळाला नाही, म्हणून लांब ए-ओ जाड ठशात छापले आहेत. दिसायला बरं दिसत नाही, पण वाचायला चुकत नाही. याच वेळी यवतमाळची आणि किनवटची मुलं एकमेकांच्या उच्चारांवर हसली, भांडली आणि शेवटी प्रत्येक शब्दापुढे गाव लिहायचं ठरलं. मला वाटतं वहीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. पैनगंगेच्या एका काठाला शाळा मराठी, दुसऱ्या काठाला कारभार उर्दू-तेलुगू. मधली माणसं तीच राहिली. फरक पडणारच. ‘खरी कोलामी कोणती’ असा प्रश्न या खोलीने विचारला नाही. पुण्या-मुंबईत आपण मराठीबद्दल तो अजून विचारतो.

आकडे थोडक्यात. २०११ च्या जनगणनेत देशभरात कोलामी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार. त्याच जनगणनेत कोलाम जमातीची संख्या एकट्या महाराष्ट्रात १ लाख ९० हजारांच्या वर, आणि आदिलाबादकडचे त्याशिवाय. म्हणजे जमात सांगणारे आणि भाषा सांगणारे यांच्यात मोठी दरी पडली आहे. पण १९९१ मध्ये कोलामी सांगणारे लाखाच्या आत होते, हेही खरं. तेव्हा भाषा मरायला टेकली आहे असा गळा काढणाऱ्यांनी जरा थांबावं, आणि सगळं ठीक आहे म्हणणाऱ्यांनीही. आठव्या परिशिष्टात २२ भाषा आहेत, त्यात द्राविडी चारच: तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम. गोंडी बोलणारे लाखांनी असूनही ती नाही, तिथे कोलामीचं नाव कोण घेणार. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असं संविधानाच्या ३५० क कलमात लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, एवढंच.

मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या चिंचवडगावात पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. २०१६ च्या जानेवारीत इथे पिंपरीत ८९ वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी चारही दिवस मांडवात होतो. २०१९ चं संमेलन तर यवतमाळलाच झालं, पोडांपासून दोन-तीन तासांच्या वाटेवर. आपल्या भाषेच्या कौतुकाला माझी हरकत नाही. फक्त अभिजातपणाचे पुरावे गोळा करताना आपण हाल राजाच्या गाथेपर्यंत मागे गेलो. शेजारच्या डोंगरावर ‘मुग्गुर, मुयल’ म्हणणारी माणसं आजही बोलताहेत, त्यांना विचारायला एसटीचं तिकीट पुरलं असतं.

या वहीचं संपादन झालं आहे असं म्हणवत नाही. शब्द वर्णानुक्रमे लावलेले नाहीत. ज्या रात्री जे आठवलं ते आलं. एका पानावर फक्त मोहाच्या झाडाबद्दलच आहे, दुसऱ्यावर सगळ्या शिव्या एकत्र, आणि त्या छापायच्या की नाही यावर बरंच झालं. छापल्या आहेत. वाचकाने मुलांसमोर वाचताना पान उलटावं. चाली लावून म्हणायची गाणी मात्र वगळली. ती म्हणणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय छापायची नाहीत असं ठरलं आणि विचारायला गावी जायची सुट्टी मिळाली नाही. दिवाळीला जमली तर पुढच्या आवृत्तीत.

शेवटची आठ पानं कोरी सोडली आहेत, रेघा आखून. चाकण, महाळुंगे, भोसरी, तळवडे, कुठेही राहणाऱ्या आणि कोलामी किंवा नायकी येणाऱ्या माणसाच्या हाती ही वही पडली तर त्याने त्यात लिहावं, शब्दापुढे आपल्या पोडाचं नाव घालावं, आणि चूक दिसली तिथे खोडावं. पेन निळं किंवा काळं वापरावं. लाल नको.